आमचे मैदान, आपले मैदान

मराठी भाषेने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन शब्द निरनिराळ्या कामांसाठी राखून ठेवले आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो घरात येतो. हिंदीतील ‘हम’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ मिसळून जातात. परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला आपल्या भाषेतील हा भेद अधिक जाणवतो, कारण ‘आमचे’ म्हणावे की ‘आपले’, हा प्रश्न त्याला नव्या गावी पहिल्या दिवसापासून पडलेला असतो. या लहानशा व्याकरणभेदात मालकीविषयीचा एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. तो प्रश्न येथे क्रीडांगणांच्या निमित्ताने मांडावयाचा आहे.

व्यावसायिक खेळाचा संघ आणि त्याचे शहर यांच्यात मैदानाच्या भाडेपट्ट्यावरून तंटे होतात, ही आता जगभर नित्याची गोष्ट झाली आहे. संघ म्हणतो, आम्ही खेळतो म्हणून या मैदानाला किंमत आहे. नगरपालिका किंवा शासन म्हणते, जमीन आमची आहे, भाडे द्या. दोघेही आपापल्या कागदांच्या आधारे बोलतात आणि दोघांच्याही तोंडी ‘आमचे’ हाच शब्द असतो. परंतु तिसराही एक पक्ष असतो. त्याने जमीन दिलेली नसते आणि भांडवलही घातलेले नसते. त्याने केवळ वर्षानुवर्षे येऊन बसण्याचे, ओरडण्याचे आणि हरल्यावर मुकाट्याने घरी जाण्याचे काम केलेले असते. तो त्या मैदानाला ‘आपले’ म्हणतो. या ‘आपले’ला न्यायालयात वकील नसतो. त्यास काही नैतिक आधार तरी आहे काय, की तो निव्वळ भावनेचा बुडबुडा समजावा?

प्रश्न दूरचा वाटू नये म्हणून प्रथम जवळचेच उदाहरण घेऊ. आम्ही राहतो ते गुढियारी रायपूर शहरात रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे. ठोक बाजार, मालमोटारींची वर्दळ आणि दाट वस्ती यांमुळे येथे मोकळ्या जागेची वानवा. मुले गल्लीतच चेंडूफळी खेळतात. येथून वीस-पंचवीस किलोमीटरांवर, नवा रायपुरात परसदा गावाजवळ, शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदान आहे. ते २००८ साली सार्वजनिक पैशातून उभे राहिले. २०१३ साली दिल्लीच्या व्यावसायिक संघाने आपले काही ‘घरचे’ सामने येथे खेळविले. त्या वर्षी एप्रिलमध्ये येथे झालेल्या सामन्यात पाहुणा संघ पुण्याचा होता. रायपूरकरांनी दिल्लीला आपले म्हणावे आणि रायपुरातील मराठी माणसाने पुण्याला आपले म्हणावे, असा तो मौजेचा दिवस होता. त्याच वर्षी पुण्याच्या संघाचे मालक व क्रिकेट मंडळ यांचे शुल्कावरून बिनसले आणि तो संघ स्पर्धेतून कायमचा गेला. दिल्लीचा संघ २०१५ व २०१६ मध्येही येथे आला आणि पुढे येईनासा झाला. मैदान मात्र जागच्या जागी राहिले.

नंतर १ डिसेंबर २०२३ रोजी भारत व ऑस्ट्रेलिया यांचा सामना येथे ठरला, तेव्हा वर्तमानपत्रांतून एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. मैदानाचे सुमारे ३ कोटी १६ लाख रुपयांचे वीजबिल थकले होते. २००९ पासून ते भरलेच गेले नव्हते. २०१८ साली वीजजोडणी तोडण्यात आली होती. प्रकाशझोतांसाठी जनित्रे आणावी लागली. देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि इतर खर्च क्रीडा खात्याकडे, अशी वाटणी होती म्हणे, आणि बिल भरण्याची जबाबदारी दोन्ही खाती एकमेकांकडे ढकलीत होती. खात्याखात्यांतील पत्रव्यवहार ज्यांनी हाताळला आहे, त्या आमच्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. दोन्ही कार्यालयांची टिपणे आपापल्या जागी निर्दोष असू शकतात, आणि तरीही दिवा लागत नाही.

येथे आपल्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. ‘आपले’ हा शब्द कितीही गोड असला तरी, ज्या वस्तूला सगळे ‘आपली’ म्हणतात आणि जिच्या भाराला कोणीच ‘आमचा’ म्हणत नाही, ती वस्तू अंधारात पडते. डिसेंबर २०२५ मध्ये हे मैदान दीर्घ मुदतीने राज्य क्रिकेट संघाकडे सोपविण्याच्या प्रस्तावास राज्याच्या मंत्रिमंडळाने मान्यता दिली, ती या अनुभवानंतर. भाडेपट्टा हे पाप नव्हे. कोणी तरी एकाने पुढे होऊन जबाबदारी पत्करावी, यासाठी तो असतो. पाप शिरते ते निराळ्या वाटेने. ती वाट पाहण्यासाठी मुंबईकडे वळले पाहिजे, कारण मैदानांच्या मालकीचा वाद आपल्या देशात जेवढा जुना आहे तेवढा तो मुंबईचाच आहे.

गेल्याच्या मागील शतकात मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर एतद्देशीय मुले व तरुण, विशेषतः पारशी, क्रिकेट खेळत. त्याच जागेवर गोऱ्या साहेबांच्या जिमखान्याचे लोक घोड्यांवरून पोलो खेळू लागले आणि टापांनी खेळपट्ट्यांची चाळण झाली. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी १८८१ पासून या अन्यायाविरुद्ध अर्जविनंत्यांचा लढा चालविला, आणि १८९७ साली त्याचा वृत्तांत पुस्तकरूपाने छापला. अर्ज, नकार, बंदी आणि पुन्हा परवानगी, असे ते प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यांचा युक्तिवाद साधा होता: मोजक्या घोडेस्वारांच्या करमणुकीसाठी शेकडो खेळाडूंची जागा नासू नये. येथे मालकी सरकारची होती, याविषयी कोणाचा वाद नव्हता. वाद होता तो मालकाने कोणाकडे पाहावे याविषयी. पुढे केनेडी सी-फेसवर पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना भूखंड मिळाले. मैदाने मिळाली खरी, परंतु एक ‘आपले’ होण्याऐवजी तीन ‘आमचे’ झाले. त्या ‘आमच्या’तही आणखी भिंती होत्या, पळवणकर बाळू यांच्यासारख्या थोर गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद जातीपायी नाकारले गेले, हे आपणांस ठाऊकच आहे.

१९३७ साली ब्रेबोर्न स्टेडियम उभे राहिले, ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. कसोटी सामने भरविण्याचा अधिकार मुंबई क्रिकेट संघटनेचा आणि जागा क्लबाची, अशी ती व्यवस्था होती. संघटनेला प्रेक्षकांसाठी किती आसने मिळावीत, यावरून दोघांचे वर्षानुवर्षे खटके उडाले. अखेरीस संघटनेचे अध्यक्ष, नागपूरचे बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर शासकीय जमिनीवर नवे मैदान उभारण्याचे ठरविले आणि ते सुमारे तेरा महिन्यांत पुरे केले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिला कसोटी सामना झाला. ब्रेबोर्नवर मात्र १९७३ नंतर पुढचा कसोटी सामना पाहावयास २००९ साल उजाडावे लागले. आसनांच्या वाटणीवरून एका नगरात दोन प्रचंड मैदाने शेजारी शेजारी उभी राहिली, ही गोष्ट स्वाभिमानाची म्हणून सांगितली जाते, आणि तीत स्वाभिमान होताच. पण कालांतराने भाडेकरूच मालकासारखा वागू लागतो, हा संसाराचा नियम तेथेही चुकला नाही. वानखेडे मैदानाच्या जमिनीचा पन्नास वर्षांचा भाडेपट्टा फेब्रुवारी २०१८ मध्ये संपला, आणि २०१९ साली जिल्हाधिकाऱ्यांनी सुमारे १२० कोटी रुपयांच्या येण्याची नोटीस संघटनेला बजावली. सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्कही थकत गेले. २०२३ साली शासनाने ते शुल्क कमी केले, आणि तेही २०११ पासून लागू होईल अशा रीतीने; त्यावर उच्च न्यायालयात जनहितयाचिका आली. ज्यांच्या खेळाच्या प्रक्षेपणहक्कांसाठी हजारो कोटींच्या बोली लागतात, त्यांना बंदोबस्ताची सूट द्यावी आणि ज्याच्या चौकात एक शिपाई नाही त्याने कर भरावा, हा न्याय सामान्य बुद्धीला पटत नाही.

यावर संघाच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे, आणि ते न ऐकता निकाल देणे योग्य नव्हे. मैदान रिकामे असेल तर त्याचे भाडे कोणालाच मिळत नाही. खेळाडूंचे वेतन, प्रवास, गवताची निगा या गोष्टींना पैसा लागतो. नगरपालिकेने संघाच्या लोकप्रियतेवर आपली प्रतिष्ठा वाढवावी आणि भाड्याच्या वेळी त्याला दुभती गाय समजावे, हेही काही बरोबर नाही. शिवाय शहर म्हणजे केवळ प्रेक्षक नव्हेत. सामना न पाहणारे, खेळात रस नसणारे लोकही त्याच शहराचे असतात आणि मैदानाच्या पायात त्यांचाही पैसा असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा खेळपट्ट्यांवर पाणी ओतावे काय, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे व्यावसायिक सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. तेव्हा अनेक क्रीडारसिक हळहळले. परंतु ‘आपले’ या शब्दात तहानलेला शेतकरीही येतो, ही जाणीव त्या आदेशाने करून दिली.

मग पाप कोठे आहे? जेव्हा संघ किंवा शासन तिसऱ्याच्या प्रेमाला तारण म्हणून वापरू लागते, तेव्हा ते घडते, असे आमचे मत आहे. सावकाराकडे आपला दागिना गहाण टाकणे ही अडचण असेल; शेजाऱ्याचा दागिना गहाण टाकणे हा गुन्हा आहे. ‘आमच्या अटी मान्य करा, नाहीतर आम्ही दुसऱ्या शहरी जातो’, असे संघ म्हणतो, तेव्हा त्या धमकीत जोर कशाचा असतो? संघाच्या भांडवलाचा नव्हे. शहरातील हजारो माणसांना त्याचा विरह सोसवणार नाही, या ज्ञानाचा तो जोर असतो. म्हणजे माया लोकांची, आणि तिची किंमत वसूल करतो संघ.

परदेशातील काही उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेतील सॅन डिएगो नगराने १९९५ साली आपल्या व्यावसायिक फुटबॉल संघाशी करार करताना प्रत्येक सामन्याची साठ हजार तिकिटे खपतील, अशी हमी दिली. न खपलेल्या तिकिटांचे पैसे नगराने भरावयाचे. रिकाम्या खुर्च्यांचे भाडे नागरिकांनी भरले, आणि इतके करूनही तो संघ २०१७ साली लॉस एंजेलिसला निघून गेला. इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री नगराचा संघ शंभराहून अधिक वर्षांचे आपले जुने मैदान सोडून २००५ साली नव्या मैदानात भाडेकरू म्हणून आला. त्या मैदानाची मालकी नगरपालिका आणि एक धर्मादाय संस्था यांच्याकडे होती. भाडे वर्षाला सुमारे तेरा लाख पौंड. २०१२ साली संघाच्या मालकांनी भाडे देणे थांबविले आणि २०१३ मध्ये संघ उचलून पन्नासेक किलोमीटरांवरील नॉर्दम्प्टन येथे नेला. तेथे एक हृद्य प्रकार घडला. कॉव्हेन्ट्रीचे कित्येक रसिक तेथवर गेले, पण तिकीट काढून आत बसले नाहीत. मैदानाबाहेरील एका टेकाडावर उभे राहून त्यांनी आपला संघ पाहिला. मालकांना पैसा द्यावयाचा नाही, आणि संघाला पाठही फिरवावयाची नाही, असा तो निश्चय होता. सप्टेंबर २०१४ मध्ये संघ परतला. पुढे पुन्हा एकदा परागंदा झाला. आणि २०२५ साली क्लबाने ते मैदान विकतच घेतले. सत्याग्रहाचे तत्त्वज्ञान ज्यांनी वाचले नसेल, अशा साध्या माणसांनी टेकडीवर उभे राहून मालकी आणि आपलेपण यांतील फरक जगाला दाखविला.

तिसरे उदाहरण क्लीव्हलंडचे. १९९५ साली तेथील फुटबॉल संघाच्या मालकाने संघ बाल्टिमोरला नेण्याचे जाहीर केले. शहराने भाडेपट्ट्याच्या आधारे न्यायालयात धाव घेतली. शेवटी जी तडजोड झाली ती मोठी अर्थपूर्ण आहे: मालकाने खेळाडू न्यावेत, परंतु संघाचे नाव, त्याचे रंग आणि त्याचा इतिहास क्लीव्हलंडचाच राहील. १९९९ साली त्याच नावाने तेथे नवा संघ उभा राहिला. नाव आणि इतिहास हे ज्याने भांडवल घातले त्याचे नसून ज्यांनी ते मनात जतन केले त्यांचे आहे, ही गोष्ट एका करारनाम्यात लिहिली गेली. आपल्याकडे २०१९ साली पुण्याचा व्यावसायिक फुटबॉल संघ बंद झाला आणि स्पर्धेतील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. बालेवाडीच्या मैदानावर पाच वर्षे येऊन बसलेल्यांना त्या वेळी कोणी काही विचारले नाही. कायद्याच्या दृष्टीने विचारण्याचे कारणही नव्हते.

कारण नव्हते, परंतु आपल्या परंपरेत ते शोधून सापडण्याजोगे आहे. गावच्या गायरानावर कोणाचेही घर नसते आणि सगळ्यांची गुरे चरतात. आपल्या न्यायालयांनी देवाला मालमत्ता धारण करणारी कायदेशीर व्यक्ती मानले आहे. हा मालक बोलत नाही, सही करीत नाही, म्हणून कायदा त्याला अज्ञान समजतो आणि त्याचे हित पाहण्यासाठी वहिवाटदार असतो. वहिवाटदार हा मालक नव्हे आणि भाडेकरूही नव्हे. पूजा चालविणे, दिवा लावणे, उत्पन्नाचा हिशेब ठेवणे ही त्याची कर्तव्ये. आणि त्याने देवाची जमीन आपल्या कर्जापायी गहाण टाकली, तर तो विश्वासघात होतो. आम्हांस असे वाटते की, शहराचे मैदान याच जातीचे आहे. त्याचा खरा धनी म्हणजे शहराचे एकत्रित आपलेपण. तो धनी बोलत नाही, सही करीत नाही. संघ आणि नगरपालिका हे दोघेही त्याचे वहिवाटदार. दोन वहिवाटदार भांडतात तेव्हा ‘कोणाचा कागद जुना’ एवढेच पाहून भागत नाही. दिवा कोणी लावला आणि हिशेब कोणी दाखविला, हेही पाहावे लागते.

वहिवाट लोभामुळे बिघडते, तशी आळसामुळेही बिघडते. मुंबईत आणि सॅन डिएगोत पहिला दोष दिसला. आमच्या रायपुरात वीजबिलाच्या रूपाने दुसरा. म्हणून आम्ही या प्रश्नाचे उत्तर एका साध्या नियमात मांडू इच्छितो: भार उचलताना ‘आमचा’ म्हणावे आणि हक्क सांगताना ‘आपला’ म्हणावे. भाडेपट्ट्याचे बहुतेक तंटे हा नियम उलटा फिरविल्यामुळे होतात. नफ्याच्या वेळी ‘आमचा’ आणि तोट्याच्या वेळी ‘आपला सर्वांचा’, अशी भाषा सुरू झाली की करार कितीही काटेकोर असो, त्यातील नीती गेलेली असते.

हा नियम केवळ उपदेशापुरता राहू नये. मैदानाचा करार लोकांना वाचावयास मिळावा. सार्वजनिक जमिनीच्या भाड्यात गुप्त ठेवण्यासारखे काही नसते. वर्षातील काही दिवस शाळा आणि लहान मंडळे यांच्यासाठी राखलेले असावेत, आणि ते करारातच लिहिलेले असावेत. मेहेरबानी म्हणून नव्हे. संघ शहर सोडू म्हणेल तर त्याने पुरेशी आगाऊ सूचना द्यावी, आणि शहराचे नाव मागे ठेवून जावे. शासनानेही कर भरणाऱ्या पण सामना न पाहणाऱ्या माणसाला सांगता येईल एवढेच भाडे कमी करावे. यांतील एकही गोष्ट अशक्य नाही.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेक जण सरकारी निवासस्थानांत राहणारे, बदलीच्या हुकुमाबरोबर बिऱ्हाड हलविणारे लोक आहोत. कागदावर आपले कोठेच काही नसते. तरी ज्या गावी आपण पाच-सहा वर्षे राहतो, तेथील रस्त्याला, बाजाराला, मैदानाला आपण नकळत ‘आपले’ म्हणू लागतो, आणि गाव त्याला हरकत घेत नाही. संघाच्या स्थलांतरात आणि आपल्या बदलीत एक अंतर मात्र आहे: आपण हुकुमाने जातो, जाताना गावाकडे खंडणी मागत नाही. भाडेकरूपण आणि आपलेपण एकत्र नांदू शकते, हे परमुलखातील कारकुनाला निराळे शिकवावे लागत नाही.

परसदाचे मैदान ज्यांच्या नावाने उभे आहे, ते नारायण सिंह सोनाखानचे जमीनदार होते. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून भुकेल्या रयतेला वाटले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपुरात फाशी देण्यात आले. खेळ म्हणजे भूक नव्हे. मैदान म्हणजे कोठार नव्हे. ही तुलना ताणू नये. परंतु कुलूप कोणाचे यापेक्षा आत काय आहे आणि ते कोणासाठी आहे, हा प्रश्न ज्या पुरुषाने प्राण देऊन विचारला, त्याचे नाव ज्या दरवाजावर कोरले आहे, तो दरवाजा गुढियारीच्या गल्लीत खेळणाऱ्या मुलासाठी वर्षातून एखादा दिवस तरी उघडावा, एवढी अपेक्षा वावगी ठरू नये. त्या दिवशी तो मुलगा मैदानाला काय म्हणतो, ते ऐकावे. भाडेपट्टा चांगला की वाईट, ते त्याच्या सर्वनामावरून कळेल.